मागच्या दाढेखालची खूण

मी एक जुना माउथगार्ड आहे. जरा लांबूनच बघा, मित्रांनो. हात स्वच्छ आहेत असं तुम्ही म्हणाल, पण आजवर मला ज्यांनी ज्यांनी विनाकारण उचललं, त्या सगळ्यांचं म्हणणं तेच होतं.

मैदानावर धडका खाणारे खेळाडू वरच्या दातांवर जे रबरासारखं कवच चढवतात, ते म्हणजे मी. माझा रंग एके काळी निळा होता. आता कोणता आहे, यावर वाद नको. माझं निम्मं आयुष्य तोंडात गेलं, निम्मं भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, आणि मधला फावला वेळ मोज्यात खोचलेल्या अवस्थेत. अशा जागी राहणाऱ्याचा स्वभाव संशयी झाला तर नवल नाही. तोंडात असताना ऐकू सगळं येतं, पण दिसत काही नाही. डबीच्या भोकांतून जे दिसतं ते अर्धवट. उरलेलं मी मनानेच जुळवतो. माझं जुळवणं बहुतेक वेळा बरोबर निघतं. एकदा मात्र ते साफ चुकलं, आणि तीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

माझा जन्म दातांच्या लॅबमध्ये झाला. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक बाई दिवसभर कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवत बसायच्या. कपाटात अनोळखी लोकांच्या दातांचे प्लॅस्टरचे ठसे ओळीने मांडलेले होते. एके दिवशी त्यांचा भाचा आला. वय एकोणीस, डोकं दाराच्या चौकटीला लागेल एवढी उंची, पाय लांबलचक, आणि अंगावर मांस म्हणाल तर नावाला. रग्बीच्या एका व्यावसायिक संघाने त्याला दोन वर्षांच्या करारावर घेतलं होतं. मावशीने गुलाबी लगद्याने भरलेला साचा त्याच्या तोंडात कोंबला, तशी त्याला ओकारीची उबळ आली.

"नाकाने श्वास घे," मावशी म्हणाली. "एवढ्याने घाबरलास, तर समोरून शंभर किलोचा गडी अंगावर येईल तेव्हा काय करशील?"

"पळेन," तो लगद्यातूनच म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो विंगर होता, आणि विंगरचं कामच पळण्याचं आहे. रग्बीत एका बाजूला पंधरा जण असतात, मित्रांनो. मधले धष्टपुष्ट गडी एकमेकांना रेटत बसतात आणि विंगर मैदानाच्या अगदी कडेला, रेषेजवळ वाट बघत उभा राहतो. अंड्याच्या आकाराचा तो चेंडू कधीतरी त्याच्या हातात येतो. मग कोणाच्याही तावडीत न सापडता पलीकडच्या टोकाला धावत जायचं आणि चेंडू जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात. चेंडू दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याला कमरेत धरून आडवा करायचा, ते टॅकल. बाकीचे नियम मला अजूनही नीट समजलेले नाहीत, आणि पंचांना तरी ते समजतात का, याची मला शंका आहे.

मावशीने निळी चकती तापवून मऊ केली, ठशावर ठेवली आणि यंत्राने खालची हवा ओढून घेतली. मी त्या दातांवर गच्च बसलो. समोरच्या एका दाताचा लहानपणी टवका उडाला होता, त्याची खाचसुद्धा माझ्यात उतरली. मग माझ्या कडा कात्रीने कापून फिरत्या चाकावर गुळगुळीत करण्यात आल्या. मला भाच्याच्या हातात ठेवताना मावशी म्हणाली, "हे तोंडात असताना धड बोलता येत नाही. बोलायचं झालं की काढायचं. तेवढा एक क्षण मिळतो बघ, आपण काय बोलणार आहोत याचा विचार करायला."

मला तेव्हाच संशय आला की ही बाई माझ्याविषयी बोलत नाही.

संघात पहिल्याच दिवशी माझा मालक बुटाची नाडी बांधायला एका पायावर उभा राहिला आणि सगळ्यांनी त्याचं नाव बगळ्या ठेवून टाकलं. हे नाव शोधणारा गडी होता गादी. हा मधल्या रेटारेटीतला खेळाडू, एकशे वीस किलोचा. त्याच्यावर पडलं तर लागत नाही, म्हणून तो गादी. संघाने घेऊन दिलेल्या घरात बगळ्या आणि गादी एकत्र राहत. गादी माणूस चांगला होता, पण तो खाता खाता बोलायचा आणि माझी डबी नेहमी त्याच्या ताटाशेजारी असायची. त्याच्याबद्दल मी एवढंच सांगेन.

पहिलं वर्ष दुसऱ्या फळीच्या संघात गेलं. रिकाम्या बाकांसमोर सामने व्हायचे. कोच शिट्टी गळ्यात अडकवून उभे असायचे आणि काहीही विचारलं की "बघू" म्हणायचे. चांगला खेळला तर बघू, वाईट खेळला तरी बघू. एवढा कमी बोलणारा माणूस मनात काय काय साठवत असेल, या विचाराने मी त्यांच्यावर सतत नजर ठेवून असे.

पण माझा खरा संशय होता काकांवर.

काका म्हणजे संघातला सगळ्यात वयस्कर खेळाडू. वयस्कर म्हणजे तेहतीस वर्षांचा, पण विंगरचे पाय तोवर म्हातारे होतात. पाठीवर चौदा नंबर असलेली जर्सी नऊ वर्षं त्यांची होती आणि बगळ्याला नेमकी तीच हवी होती. त्यांचा लॉकर आमच्या शेजारीच होता. आता मला सांगा, जो पोरगा आपली जागा घ्यायला टपला आहे त्याच्याशी कोणी चांगलं वागेल का? काका वागायचे. सराव संपल्यावर बगळ्याला थांबवून ते त्याला उंच उडालेला चेंडू पकडायला शिकवायचे. "चेंडूकडे बघ पोरा, धावून येणाऱ्या माणसाकडे बघू नकोस. तो येणारच आहे, बघितलंस तरी आणि नाही बघितलंस तरी." मोज्यात खोचलेला मी हे सगळं ऐकायचो आणि मनात म्हणायचो, डाळीत काळं नाही, इथे अख्खी डाळच काळी दिसते आहे.

मी त्यांच्या एकेक गोष्टी टिपून ठेवू लागलो. एक म्हणजे, ते बगळ्याला कधीच नावाने हाक मारत नसत. सतत आपलं "पोरा". शेजारी बसणाऱ्याला वर्षभर नावाने न बोलावणं याला मी तोरा म्हणतो. दुसरं, ते खोदून खोदून चौकशा करायचे. "तुझी मावशी दातांचं काम करते ना?" हे त्यांनी एका महिन्यात चार वेळा विचारलं. तिसरं, त्यांच्या डाव्या मनगटावर नेहमी पांढरी चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर पेनाने काहीतरी लिहिलेलं असायचं. कोणी जवळ आलं की ते बाही खाली ओढायचे. आणि चौथं तर मी स्वतः बघितलं. एकदा सकाळी ड्रेसिंग रूममध्ये कोणी नसताना काकांनी आमचा लॉकर उघडला. आत हात घालून माझी डबी उचलली, बराच वेळ न्याहाळली, घाईघाईने परत ठेवली, आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. मग त्यांनी स्वतःचा लॉकर उघडला.

त्या दिवशी मला तोंड असतं तर मी आरडाओरडा केला असता. पण मी फक्त तोंडात राहतो, मला स्वतःचं तोंड नाही.

दुसऱ्या हंगामाच्या आधी पहिल्या फळीच्या खेळाडूंची डोक्याची परीक्षा झाली, आणि या वेळी त्यांत बगळ्याही होता. ही परीक्षा तुमच्या शाळेतल्यासारखी नसते, मित्रांनो. खेळाडूंना संगणकासमोर बसवतात. शब्द दाखवतात आणि थोड्या वेळाने आठवायला सांगतात. आकृती दिसली की बटण दाबायला सांगतात. संघाच्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं, "ही तुमच्या ठणठणीत डोक्याची नोंद आहे. पुढे कधी डोक्याला मार बसला तर हीच परीक्षा पुन्हा घेऊन ताडून बघू. गुण घसरले तर खेळायचं नाही, विश्रांती घ्यायची."

दाराबाहेर गादीने बगळ्याला कोपऱ्यात घेतलं. "मुद्दाम हळू दे हं. चार-सहा शब्द विसरल्यासारखं कर. म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी गुण तेवढेच येतात, आणि कोणी बाहेर बसवत नाही."

"डॉक्टरबाईंना कळलं तर?"

"कसं कळणार? त्यांना वाटतं आपण मुळातच मठ्ठ आहोत. अरे, सगळे हेच करतात."

मी बगळ्याच्या खिशात होतो. बटणं आधी टकाटक वाजली, मग अडखळायला लागली. मला ती लबाडी आवडली नाही, असं मी आज म्हणू शकतो. पण खरं सांगतो, तेव्हा मला ती हुशारी वाटली होती. शेजारच्या खुर्चीवर काका बसले होते. त्यांची बटणं तर फारच सावकाश वाजत होती. परीक्षा संपल्यावर ते बगळ्याला म्हणाले, "सुरुवातीला चांगला जोरात होतास पोरा. मग काय झालं?" बगळ्या बुटाची नाडी बांधायला वाकला. मी मात्र मनात नोंद केली, की या माणसाला आपलं गुपित कळलं आहे आणि तो ते वापरणार.

त्या हंगामाच्या तिसऱ्या सामन्यात काकांच्या मांडीचा स्नायू ताणला आणि चौदा नंबरची जर्सी बगळ्याला मिळाली. पहिला चेंडू हातात आला आणि निसटला. हजारो लोक एकदम हळहळले. त्याचे दात माझ्यावर थडथडत होते. उत्तरार्धात पुन्हा चेंडू आला, आणि या वेळी मला फक्त वारा जाणवला. तो रेषेला चिकटून पळाला, एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या हातात नुसती बाही राहिली, आणि शेवटी त्याने पोटावर घसरत जाऊन चेंडू टेकवला. ट्राय! गादी येऊन त्याच्या अंगावर पडला. मी त्या दोघांच्या वजनाखाली चेपलो होतो आणि मला अतिशय आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत बगळ्याचं तोंड उघडं होतं आणि आत मी स्पष्ट दिसत होतो. मावशीने तो कापून लॅबमध्ये लावला. लोक रस्त्यात थांबवून सही मागायला लागले. मला त्या कौतुकाचा भरवसा वाटत नव्हता, आणि तो वाटायला नकोच होता. दोन महिन्यांनी एक उंच चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, सामना हातचा गेला, आणि त्याच लोकांनी हुर्यो उडवली. कोचनी त्याला तीन आठवडे पुन्हा दुसऱ्या फळीत पाठवलं. मग परत बोलावलं. असं वर-खाली करत हंगाम संपत आला. काका बरे झाले होते, पण आता ते बहुतेक वेळा राखीव खेळाडू म्हणून बसत आणि मैदानाच्या कडेने पाण्याच्या बाटल्या पुरवत.

दोन सामने उरले असताना कोचनी बगळ्याला बोलावून घेतलं. त्या दिवशी ते चक्क बघूच्या पुढे गेले. "करार संपतोय तुझा. हे शेवटचे दोन सामने खेळ. त्यावर ठरवू, ठेवायचं की नाही."

बगळ्याला रग्बीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. करार गेला तर मावशीच्या लॅबमध्ये प्लॅस्टर ढवळायचं, एवढाच रस्ता होता. त्याने त्या दिवशी मला तीन वेळा घासून धुतलं.

त्यातल्या पहिल्या सामन्यात ते झालं. समोरचा गडी चेंडू घेऊन येत होता, बगळ्या टॅकल करायला खाली वाकला, आणि त्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. हे जगात सगळ्यात आधी मला कळलं. खालची दाढ माझ्यात इतक्या जोरात घुसली की मी डावीकडे मागे जवळजवळ फाटलो. बगळ्या लगेच उठला. लोकांना वाटलं, काही झालं नाही. पण तो धावत जाऊन डाव्या कडेला उभा राहिला. त्याची जागा उजवीकडे होती.

"अरे, तू इथे काय करतोयस?" डावीकडचा विंगर ओरडला.

"पोरा! उजवीकडे!" कडेवरून काकांचा आवाज आला.

तो वळून गेला. पंचांनी बघितलं नाही, कोचनी बघितलं नाही. काकांनी बघितलं, आणि मला घाम फुटला. आता हे जाऊन सांगणार, याचा करार जाणार, आणि जर्सी परत त्यांची होणार. माझ्या हिशेबात सगळं चोख बसत होतं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी बगळ्याला बोलावलं. त्यांनी सामन्याचं चित्रीकरण बघितलं होतं. "डोकं दुखतंय? उजेडाचा त्रास होतो? मळमळतं?"

"नाही. नाही. नाही."

परीक्षा पुन्हा झाली. गुण हंगामाच्या सुरुवातीला होते तेवढेच आले. या वेळी तो मुद्दाम हळू देत नव्हता, मित्रांनो. मी खिशात होतो, मला बटणं ऐकू येत होती. तो जिवाच्या आकांताने जोरात देत होता आणि तरी तेवढेच आले. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा बघितला, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि खेळायची परवानगी दिली.

मंगळवारी सरावाच्या आधी त्याने मला खालच्या दातांवर बसवायचा प्रयत्न केला. मी वरच्या दातांचा आहे. मी बसेना, तेव्हा त्याने काढून बघितलं आणि पुन्हा खालीच लावलं. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दुपारी त्याने खोलीचे पडदे ओढून घेतले. गादी चहा ढवळताना शिट्टी वाजवत होता, तर याने उशी कानांवर दाबली. मी खूप घाबरलो. आजवर मी साऱ्या जगावर संशय घेतला होता, पण ज्याच्या तोंडात राहत होतो त्याच्यावर कधी घेतला नव्हता.

माझी फाटलेली कड टोचायला लागली, म्हणून बुधवारी तो मला मावशीकडे घेऊन गेला. तिने मला दिव्याखाली धरून उलटंपालटं केलं आणि तिचा हात थांबला.

"ही खूण कधीची?"

"कुठली?"

"मागच्या डाव्या दाढेखालची. आरपार जायची राहिली आहे. हे चावल्याचं नाही. दातावर दात आपटल्याचं आहे."

"झोपेत चावलं असेन."

"तू हे घालून झोपतोस?"

तो कपाटातले ठसे बघायला लागला. माझ्या अंगावर सगळं लिहिलेलं होतं आणि मला ते वाचून दाखवता येत नव्हतं. मावशीने माझी कड घासून दिली, पण खूण बुजवली नाही. "मी तोंडात बसणाऱ्या वस्तू बनवते," ती म्हणाली. "तोंड उघडायचं काम ज्याचं त्याने करायचं. शनिवारी तुझी आई येणार आहे सामना बघायला. तिने विचारलं, पोरगा बरा आहे ना, तर मी काय सांगू ते तेवढं ठरवून ठेव."

गुरुवारी काका आले. बगळ्या जर्सी वाळवायच्या खोलीत एकटाच बसला होता, कारण तिथे दिवा अंधुक होता. मी त्याच्या मांडीवर उघड्या डबीत होतो. काकांनी दार लोटून घेतलं, आणि मी म्हटलं, आली वेळ.

"हंगामाच्या आधीची परीक्षा तू मुद्दाम हळू दिली होतीस ना?"

"नाही काका."

"शनिवारी तू चुकीच्या कडेला उभा होतास."

"गोंधळ झाला जरा."

"मीही तेच म्हणायचो." काका समोरच्या बाकावर बसले. "नऊ वर्षं मी ती परीक्षा हळू दिली. पाच वेळा डोकं आपटलं, पाचही वेळा पास. या वर्षी म्हटलं, शेवटचं वर्ष आहे, एकदा खरी देऊन बघू. जोर लावून दिली रे. गुण तेवढेच आले." त्यांनी बाही वर केली आणि मनगट पुढे केलं. "वाच."

बगळ्याला वाटलं, चालींच्या खुणा असतील. मलाही वाटलं. पट्टीवर तीन ओळी होत्या. त्याने त्या हळू आवाजात वाचल्या. "लॉकर बावीस. गाडी मागच्या फाटकाशी. शेजारी बसतो तो बगळ्या."

माझ्या सगळ्या नोंदी तिथल्या तिथे कोसळल्या. पोरा, पोरा का चालायचं ते कळलं. मावशीची चौकशी चार वेळा का झाली ते कळलं. आमचा लॉकर त्यांनी का उघडला आणि माझी डबी हातात घेऊन ते एवढा वेळ काय आठवत उभे होते, तेही कळलं. मला स्वतःची लाज वाटली. तरी स्वभाव जात नाही म्हणतात ते खोटं नाही. पुढच्याच क्षणी मनात आलं, की ही पट्टी खोटी असली तर? जर्सीसाठी माणूस काय वाटेल ते लिहील.

"मी आत्ता डॉक्टरबाईंकडे चाललोय," काका उठत म्हणाले. "माझं माझ्यापुरतं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही." मग ते जरा हसले. "आठवलं तरी घेणार नाही."

शनिवारी सकाळी मी डबीच्या भोकांतून शेजारच्या लॉकरवर डोळा ठेवून होतो. काका आज जर्सी चढवतात की काय, ते मला बघायचं होतं. ते आले ते साध्या शर्टात. त्यांनी लॉकर रिकामा केला, बूट पिशवीत टाकले आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून निरोप घेतला. त्यांना जर्सी नको होती. त्यांना कोणाचंच काही नको होतं.

कोचनी नावं वाचली. चौदा नंबर, बगळ्या. त्याने मला चढवलं, आणि या वेळी वरच्या दातांवर नीट चढवलं. मैदानाकडे जाणाऱ्या बोळात सगळे ओळीने उभे राहिले. बाहेर लोकांचा गलका चालला होता. त्या गलक्यात कुठेतरी त्याची आई आणि मावशी बसल्या होत्या. बोळाच्या तोंडाशी डॉक्टरबाई उभ्या होत्या. ओळ पुढे सरकायला लागली. गादी गेला. त्याच्या मागचा गेला. बगळ्याचे दात माझ्यावर आवळले गेले, सैल झाले, पुन्हा आवळले गेले. त्या जुन्या खुणेत दाढ रुतून बसली होती आणि मला दुखत होतं. मी मनात एकच घोकत होतो, की मला काढ, मला काढ.

तो डॉक्टरबाईंना ओलांडून दोन पावलं पुढे गेला. मग त्याचा हात वर आला आणि त्याने मला काढलं.

एवढा मोठा क्षण मी पुन्हा अनुभवला नाही. मी त्याच्या मुठीत होतो.

"डॉक्टर, मी आधीची परीक्षा मुद्दाम हळू दिली होती. गेल्या शनिवारपासून माझं डोकं दुखतंय. परवा मला घराचा रस्ता आठवेना."

"हे तू आत्ता सांगतोयस?" मागून कोच ओरडले. "आत्ता?"

"सांगितलं ना," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बगळ्याचा दंड धरला. "बस खाली. चल, आधी खाली बस."

त्याने जर्सी काढून दिली. राखीव खेळाडूने ती घाईघाईने डोक्यातून घातली, त्याला ती अंगात घट्ट झाली. संघ तो सामना हरला. सामन्यानंतर गादी आला आणि बगळ्याशेजारी बसून राहिला. सोमवारी तो स्वतःहून डॉक्टरबाईंकडे गेला आणि परीक्षा पुन्हा द्यायची आहे म्हणाला.

आता तुम्हाला वाटत असेल, खरं बोलल्याचं बक्षीस मिळालं असेल. नाही मिळालं. करार वाढला नाही. कोच दारापर्यंत सोडायला आले आणि "बघू" म्हणाले, एवढंच. बगळ्याने पाच महिने मावशीच्या लॅबमध्ये प्लॅस्टर ढवळलं. पहिले काही आठवडे त्याला दिव्याकडे बघवत नसे, तेव्हा आई खिडकीला चादर लावायची. हळूहळू डोकं निवळलं. मग एका लहान गावच्या लहान संघाने त्याला बोलावलं. तिथेही आधी परीक्षा होती. बटणं पहिल्यापासून शेवटपर्यंत टकाटक वाजली. गुण आले ते बघून तिथले डॉक्टर म्हणाले, "जुन्या संघाच्या कागदावर तर तू भलताच मठ्ठ दिसतोस." बगळ्या अजून खेळतो. चौदा नंबरच घालतो.

मला मात्र निवृत्त व्हावं लागलं. फाटलेल्या कवचाचा भरवसा धरू नये, असं मावशीचं म्हणणं, आणि ते मला पटतं. तिने माझ्या जागी नवा बनवला. तो हिरवा आहे, त्याला स्वतःबद्दल फार वाटतं, आणि त्याच्यावर माझं लक्ष आहे. मी बगळ्याच्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या फळीवर माझ्या डबीत असतो. पहिल्या पहिल्यांदा माझ्यावर इतकी धूळ बसायची की भोकंही बुजायची. मला वाटलं, संपलं आपलं. मग एका रविवारी दुपारी बगळ्याने डबी पुसली, तिच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. मला काही कारण कळेना. स्वतःच्या घरात स्वतःच्या वस्तूवर कोण नाव घालतं?

मित्रांनो, मला रोज घासून ठेवा, उन्हात टाकू नका, कुत्र्याच्या वाटेत तर मुळीच ठेवू नका. पण माझ्याहून जास्त जपायचं ते माझ्या वर दोन बोटांवर असतं. मी दात वाचवतो. डोकं वाचवणं मला जमत नाही. तिथे मार बसला तर तुमच्या तोंडात जे काही असेल ते काढा आणि जवळच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. जागा गेली तरी सांगा.

आणि एक गोष्ट मात्र कोणालाही सांगू नका. दर रविवारी दुपारी काका येतात. दार उघडल्या उघडल्या बगळ्या "आलोच" म्हणून स्वयंपाकघरात जातो. काका खोलीत एकटे उरतात. ते फळीपाशी येतात, माझी डबी उचलतात, पट्टीवरची अक्षरं वाचतात, ओठ हलवून पुन्हा वाचतात, आणि डबी होती तशी ठेवतात. मग आत्ताच आठवल्यासारखी मोठ्याने हाक मारतात, "काय बगळ्या, चहा टाकलास का?"

बगळ्या आतून ओ देतो. चहा तर त्याने आधीच करून ठेवलेला असतो. तरीही तो नेमका त्याच वेळी आत का जातो, याचा मला दाट संशय आहे.